फोनमधले फोटो शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये : केबल नको, इंटरनेटही नको



समजा, तुम्ही वर्ग घेऊन कार्ल्याच्या लेण्यांना क्षेत्रभेटीला गेलात. मुलांनी पायऱ्या मोजल्या, चैत्यगृहाच्या छताच्या लाकडी कमानी पाहिल्या. तुम्ही खांबांवरच्या ब्राह्मी अक्षरांचे जवळून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी वर्गात ते फोटो मोठे करून दाखवायचे आणि दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यांनी आपलं नाव दगडात कसं कोरून ठेवलं ते समजावून सांगायचं, असं ठरवलेलं.

पण फोटो फोनमध्ये आणि प्रोजेक्टर जोडलेला शाळेच्या कॉम्प्युटरला! केबल शोधली तर ती फक्त चार्जिंगची निघते. मग आपण काय करतो? फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच किंवा एखाद्या ग्रुपवर पाठवतो आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. यात तीन गोष्टी होतात. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे मोठा केल्यावर खांबावरचं अक्षर पुसट दिसतं. दिवसभराचा डेटा संपतो. आणि पावसाळ्यात पवन मावळात किंवा आंदर मावळात शाळा असेल, रेंज गेलेली असेल, तर गोल चकरी फिरत राहते आणि तास संपतो.

खरं तर फोन आणि कॉम्प्युटर एकाच टेबलावर आहेत. त्यांच्यात दोन हातांचं अंतर आहे. मग फोटो इतक्या लांबून का न्यायचे?

आजच्या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एवढीच आहे : वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोन आणि कॉम्प्युटर इंटरनेटशिवाय एकमेकांशी थेट बोलू शकतात. फाइल खोलीबाहेर जायची गरजच नसते. हे एकदा नीट कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी थोडं समजून घेऊ

लोणावळ्याहून मळवलीला जायचं तर आपण लोकलमध्ये बसतो आणि पुढच्याच स्टेशनला उतरतो. मुंबईला जाऊन परत मळवलीला कुणी येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल किंवा ड्राइव्हवरून टेबलावरच्या कॉम्प्युटरला फाइल पाठवणं म्हणजे असाच मुंबईचा फेरा. फाइल आधी टॉवरवर जाते, तिथून कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर, आणि मग तिथून परत आपल्याच टेबलावर येते. चढताना डेटा, उतरताना पुन्हा डेटा.

आपल्या बोरघाटाचाच इतिहास आठवा. १८५६ साली मुंबईकडून रेल्वे घाटाखाली खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. दोन्हीकडे गाड्या धावत होत्या, पण मधला घाट मात्र पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून चढावा लागे. सामान उतरवा, वाहून न्या, पुन्हा चढवा. १८६३ साली घाटातला मार्ग खुला झाला आणि हा मधला खोळंबा संपला. आपण पेनड्राइव्ह किंवा केबल शोधत फिरतो तेव्हा आपलीही अवस्था १८६३ पूर्वीचीच असते. दोन्ही यंत्रं चांगली आहेत, फक्त मधला रूळ टाकलेला नाही.

हा रूळ म्हणजे रेडिओ लहरी. ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही त्याच वापरतात. आता ते टाकायचे चार मार्ग पाहू.

सगळ्यात आधी : आपल्या यंत्रांना नाव द्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, मीही गाळली होती. एका प्रशिक्षणात मला माझ्या वर्गाची यादी फोनवरून फोनवर पाठवायची होती. पडद्यावर एकाच नावाचे चार फोन दिसले, कारण चौघांकडेही त्याच कंपनीचं तेच मॉडेल होतं. मी घाईत एकावर बोट ठेवलं आणि यादी भलत्याच माणसाकडे गेली. यादीत मुलांच्या जन्मतारखा होत्या, पालकांचे मोबाईल नंबर होते. समोरचेही शिक्षकच होते, त्यांनी माझ्यासमोर ती पुसून टाकली. पण ती बस स्टँडवर एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनमध्ये गेली असती तर?

म्हणून फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जा आणि ‘डिव्हाइस नेम’ बदला. कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट इथे ‘रिनेम’ सापडेल. ‘वर्ग ५ फोन’, ‘ऑफिस कॉम्प्युटर’ अशी साधी पण वेगळी ओळखू येणारी नावं द्या. पूर्ण नाव किंवा मोबाईल नंबर मात्र घालू नका, कारण हे नाव आजूबाजूच्या सगळ्यांना दिसतं.

मार्ग १ : ब्लूटूथ (एखाद-दुसऱ्या छोट्या फाइलसाठी)

लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ बहुधा असतंच. जुन्या डेस्कटॉपमध्ये नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा डोंगल मिळतो.

१. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे ब्लूटूथ चालू करा.
२. कॉम्प्युटरच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड डिव्हाइस’ दाबून आपला फोन निवडा. दोन्ही पडद्यांवर एकच आकडा दिसतो आहे ना, ते पाहूनच ‘पेअर’ म्हणा. ही जोडणी एकदाच करावी लागते.
३. कॉम्प्युटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ब्लूटूथचं चिन्ह आहे. त्यावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘रिसीव्ह अ फाइल’ निवडा.
४. आता फोनमधून फाइल निवडा, ‘शेअर’ आणि मग ‘ब्लूटूथ’ दाबा.

तिसरी पायरी चौथीच्या आधीच करायची. कॉम्प्युटर आधी हात पुढे करून बसायला हवा, तरच फोनने दिलेली फाइल तो घेईल. ‘ब्लूटूथने जातच नाही’ अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा हीच पायरी राहिलेली असते.

एखादी पीडीएफ किंवा दोन-चार फोटो यासाठी ब्लूटूथ छान. पण सहलीचे दीडशे फोटो यावरून पाठवू नका. का, ते पुढच्या हिशोबात दिसेल.

मार्ग २ : क्विक शेअर (नव्या यंत्रांसाठी)

अँड्रॉइड फोनमध्ये पूर्वी ‘नियरबाय शेअर’ होतं. २०२४ च्या सुरुवातीला ते सॅमसंगच्या ‘क्विक शेअर’मध्ये मिसळलं आणि आता त्याच नावाने ओळखलं जातं. कॉम्प्युटरसाठी गूगलचं क्विक शेअर अ‍ॅप मोफत मिळतं. त्यासाठी ६४ बिटचं विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. अ‍ॅप एकदा बसवण्यापुरतं इंटरनेट लागेल.

१. दोन्हीकडे ब्लूटूथ आणि वायफाय चालू ठेवा.
२. कॉम्प्युटरवर अ‍ॅप उघडून ‘रिसीव्ह’ चालू करा.
३. फोनमध्ये फोटो निवडा, ‘शेअर’, मग ‘क्विक शेअर’, मग कॉम्प्युटरचं नाव.
४. कॉम्प्युटरवर विचारलं की ‘अ‍ॅक्सेप्ट’ करा.

‘तुम्ही कुणाला दिसणार’ हे सेटिंग पाहून घ्या. ‘एव्हरीवन’ म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना. काम झालं की ते ‘युअर डिव्हायसेस’वर आणून ठेवा. आयफोन आणि मॅक वापरणाऱ्यांकडे याच कामासाठी ‘एअरड्रॉप’ असतं, तिथेही हाच नियम.

मार्ग ३ : फोनचा हॉटस्पॉट आणि लोकलसेंड (माझ्या मते शाळेसाठी सर्वांत उत्तम)

लोकलसेंड हे मोफत आणि मुक्त स्रोत अ‍ॅप आहे. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स या सगळ्यांवर चालतं. खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत, ब्लूटूथही लागत नाही. फाइल कुलूपबंद होऊनच जाते. फक्त दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत. शाळेत राऊटर नसेल तर? फोनच राऊटर होतो!

१. रेंज असेल अशा ठिकाणी दोन्ही यंत्रांत लोकलसेंड एकदा बसवून घ्या. पुढे इंटरनेट लागत नाही.
२. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, मग हॉटस्पॉट चालू करा. हॉटस्पॉटला चांगला पासवर्ड असू द्या.
३. कॉम्प्युटरच्या वायफाय यादीतून आपला हॉटस्पॉट निवडा. ‘इंटरनेट नाही’ असं दिसेल. घाबरू नका, आपल्याला तेच हवं आहे.
४. दोन्हीकडे लोकलसेंड उघडा. प्रत्येक यंत्राला ते एक गमतीचं नाव देतं, एखादं विशेषण आणि पुढे एखादं फळ किंवा भाजी. सेटिंगमध्ये जाऊन ते बदला.
५. फोनवर ‘सेंड’मध्ये फोटो निवडा, खाली कॉम्प्युटरचं नाव दिसेल त्यावर दाबा. कॉम्प्युटरवर ‘अ‍ॅक्सेप्ट’ करा.

उलट दिशेनेही असंच. कॉम्प्युटरवरची प्रश्नपत्रिका फोनवर घ्यायची तर कॉम्प्युटरवरून ‘सेंड’ करायचं.

मोबाईल डेटा बंद करायला का सांगितलं? हॉटस्पॉटला जोडल्याबरोबर कॉम्प्युटरला वाटतं, चला, इंटरनेट मिळालं. मग तो गुपचूप विंडोजचे अपडेट उतरवायला लागतो आणि आपला दिवसाचा डेटा पाच-दहा मिनिटांत गायब. डेटा बंद असला की ही चिंताच नाही. चालू ठेवावाच लागला तर कॉम्प्युटरच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा.

डेस्कटॉपला वायफाय नसेल तर दोन उपाय. एक, वायफायचा यूएसबी डोंगल. दुसरा, शाळेत राऊटर असेल तर डेस्कटॉप राऊटरला तारेने जोडा आणि फोन त्याच राऊटरच्या वायफायवर घ्या. राऊटरचं इंटरनेट बंद पडलेलं असलं तरी चालतं, फक्त राऊटरला वीज हवी.

मार्ग ४ : एफटीपी (जुन्या कॉम्प्युटरसाठी)

शाळेत अजून विंडोज ७ चा कॉम्प्युटर असेल, त्यावर नवं अ‍ॅप बसत नसेल, तर हा जुना पण भरवशाचा मार्ग. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मूळ फाइल मॅनेजरमध्येच ‘एफटीपी’ असतं. नसेल तर ही सोय असलेला फाइल मॅनेजर बसवा.

१. वरच्यासारखंच दोन्ही यंत्रं एका हॉटस्पॉटवर किंवा राऊटरवर घ्या.
२. फोनमध्ये एफटीपी ‘स्टार्ट’ करा. पडद्यावर एक पत्ता दिसेल. त्यात आकड्यांचे चार गट असतात, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. घराला जसा घरनंबर, तसा हा त्या नेटवर्कमध्ये आपल्या फोनचा नंबर.
३. कॉम्प्युटरवर कुठलंही फोल्डर उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत फोनवरचा पत्ता जसाच्या तसा टाइप करून एंटर दाबा. टिंब, कोलन, तिरप्या रेघा काही गाळू नका.
४. फोनची फोल्डरं दिसतील. कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. कॉपी करा, पेस्ट करा.

पत्ता ब्राउझरमध्ये टाकू नका. क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपीची सोय काढून टाकली. आणि एक लक्षात ठेवा : साध्या एफटीपीला कुलूप नसतं. म्हणून ते आपल्याच हॉटस्पॉटवर वापरा, पासवर्ड ठेवण्याची सोय असेल तर ठेवा आणि काम झाल्याबरोबर ‘स्टॉप’ करा.

कोणता मार्ग किती वेळ घेतो? मुलांनाच काढू द्या

हा हिशोब सहावी-सातवीच्या वर्गाला फळ्यावर द्या. क्षेत्रभेटीचे १४० फोटो आहेत, एक फोटो साधारण ४ एमबीचा. एकूण ५६० एमबी.

वेग ‘मेगाबिट’मध्ये सांगतात आणि फाइल ‘मेगाबाइट’मध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे मेगाबिटच्या आकड्याला ८ ने भागायचं. इथेच मोठ्यांचाही घोळ होतो.

ब्लूटूथ : वेग सेकंदाला २ मेगाबिट धरा, म्हणजे पाव एमबी. ५६० भागिले ०.२५ बरोबर २२४० सेकंद, म्हणजे ३७ मिनिटांहून जास्त. जवळजवळ एक तासिका गेली!

इंटरनेटवरून : पाठवण्याचा वेग ४ मेगाबिट मिळाला असं धरा, म्हणजे अर्धा एमबी. ११२० सेकंद, म्हणजे साधारण १९ मिनिटं. ही नुसती चढण झाली, उतरवण्याचा वेळ वेगळा. शिवाय ५६० एमबी जायला आणि ५६० एमबी यायला, मिळून ११२० एमबी डेटा.

हॉटस्पॉटवरून थेट : सेकंदाला ४ एमबी धरा. १४० सेकंद, म्हणजे २ मिनिटं २० सेकंद. डेटा शून्य.

हे वेग समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या यंत्रांवर कमी-जास्त येतील. म्हणून तर हा प्रयोग करायचा! एक मोठी फाइल घ्या, एका मुलाच्या हाती घड्याळ द्या आणि प्रत्येक मार्गाचा वेळ तक्त्यात लिहायला लावा. मग फोन वर्गाच्या दुसऱ्या टोकाला किंवा भिंतीपलीकडे नेऊन पुन्हा मोजा. गुणोत्तर, एकक बदलणे, सरासरी, आलेख, सगळं एका तासात आलं. आणि ‘अंतर वाढलं की लहरी क्षीण होतात’ हे विज्ञानही आलं.

जोडलं जात नाही? हे तपासा

* दोन्ही यंत्रं खरंच एकाच वायफायवर आहेत का? एक राऊटरवर आणि दुसरं हॉटस्पॉटवर, असं फार वेळा होतं.
* लॉजमध्ये, हॉटेलात किंवा सभागृहात पाहुण्यांचं वायफाय असेल, तर तिथे यंत्रांना एकमेकांना दिसू न देण्याचं सेटिंग असू शकतं. ते सुरक्षेसाठीच असतं. आपला हॉटस्पॉट वापरा.
* कॉम्प्युटरने ते नेटवर्क ‘पब्लिक’ मानलं असेल, तर विंडोजची फायरवॉल अडवते. आपल्याच हॉटस्पॉटसाठी ‘प्रायव्हेट’ करा. फायरवॉल पूर्ण बंद मात्र करू नका.
* व्हीपीएन चालू असेल तर बंद करा.
* फाइल जात असताना फोनचा पडदा बंद होऊ देऊ नका. काही फोन पडदा मिटला की कामही थांबवतात.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

आपल्या फोनमध्ये नुसते लेण्यांचे फोटो नसतात. मुलांच्या आधार कार्डांचे फोटो असतात, बँकेच्या पासबुकाची पानं असतात, हजेरीच्या याद्या, वजन-उंचीच्या नोंदी असतात. पालकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केलेली आहे.

ही माहिती आपण ग्रुपवर टाकतो तेव्हा ती ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बसते. नंतर परत बोलावता येत नाही. थेट वायफायने पाठवली तर ती दोनच ठिकाणी राहते, आपल्या फोनमध्ये आणि शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये. मग कॉम्प्युटरवर फाइल उघडून पाहा, नीट आली आहे याची खात्री करा आणि नंतरच फोनमधली पुसा. घाईत आधी पुसू नका. क्षेत्रभेटीसारखे फोटो पुन्हा मिळत नाहीत, त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा.

फाइल पाठवायला कोणतं अ‍ॅप घ्यायचं यालाही महत्त्व आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असलेली शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही होती. अजूनही कुणी ती इकडून-तिकडून मिळवून वापरत असेल तर काढून टाका. अ‍ॅप नेहमी अधिकृत स्टोअरमधून किंवा अ‍ॅपच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या.

पालकहो, हे घरीही उपयोगी आहे. मुलाने फोनवर केलेल्या प्रकल्पाचा व्हिडिओ सायबर कॅफेत नेण्याआधी घरच्या लॅपटॉपवर घ्या. आणि ही जोडणी मुलांनाच करू द्या. नाव तपासून मगच ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणायचं, अनोळखी फाइल घ्यायची नाही आणि काम झालं की हॉटस्पॉट बंद करायचा, या तीन सवयी त्यांना आत्ताच लागल्या तर पुढे आयुष्यभर पुरतील.

या आठवड्यात एकच करून पाहा. दोन्ही यंत्रांना नाव द्या, मोबाईल डेटा बंद करा, हॉटस्पॉट लावा आणि एक फोटो पाठवा. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील, दुसऱ्यांदा दोन. मग पुढच्या पावसात रेंज गेली तरी खांबावरची ती अक्षरं तुमच्या वर्गाच्या भिंतीवर स्वच्छ उमटतील.